लेन्स विकायची नाही

सुजाता, तुझी लेन्स मी विकणार नाही. नदीत सोडणार नाही, कुणाला देऊन टाकणार नाही, कपाटात कुलूप लावून ठेवणार नाही. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं निवांत बोलता येईल.

विषय निघाला तो तुझ्या भावामुळे. परवा तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला. मंडपवाला खुर्च्या उचलत होता, उमरखेडच्या गाडीची वेळ झाली होती, तरी आनंद जागचा हलेना. शेवटी माझ्याजवळ येऊन बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "भाऊजी, राग नका मानू. पण आता तरी ते नळी घरातून काढा. लोकं म्हणत होते तवा आपण हसलो. शेवटी तिनं ताईलेच नेलं."

मी काय बोललो असेन ते तुला सांगायला नको. चारचौघांत बोलू नये ते बोललो. तुला गर्भाशयाचा कॅन्सर होता. तो उशिरा कळला, कारण पोट दुखलं की तू "होते बायकांले असं" म्हणून ओवा चघळत कामाला लागायचीस, आणि मीही तुझं ऐकायचो. यात भिंगाचा संबंध कुठे येतो, ते मला कुणीतरी समजावून द्यावं. आनंदला मी हेच विचारलं. तो रडायला लागला, मग मीही रडलो. गाडी चुकली. रात्री तो इथेच झोपला आणि सकाळी चहा न घेता गेला. त्याचं दुःख खरं आहे, मला कळतं. पण दुःख खरं असलं म्हणून बोलणं खरं होत नाही.

आपण ती कशी घेतली ते आठवतं ना? नागपूरला रोल आणि फोटोचे कागद घ्यायला गेलो होतो. फ्लॅश बिघडला होता म्हणून त्या गल्लीतल्या म्हाताऱ्या कॅमेरा-मेकॅनिककडे थांबलो. मी फ्लॅशबद्दल हुज्जत घालत होतो आणि तू त्याच्या काचेच्या कपाटात डोकं घालून बसली होतीस. बाहेर आलीस ती ही काळी, लोखंडासारखी जड नळी हातात घेऊन. रशियन लेन्स, लांबचं जवळ आणणारी, आपल्या वयापेक्षा फार लहान नसावी. मेकॅनिक प्रामाणिक माणूस. म्हणाला, "बाई, बहुत पुरानी है. यात आटोमॅटिक काहीच नाही, सगळं हातानं. अन् कडेला बुरशी धरली आहे."

"आमच्याकडच्या उनात माणूस वाळून जाते," तू म्हणालीस, "तुमी बुरशीचं काय घेऊन बसले!"

त्याने ती एका कॅमेऱ्यावर चढवून दिली. तू दाराशी गेलीस, डोळा लावलास आणि रिंग फिरवत राहिलीस. किती वेळ ते माहीत नाही, माझी फ्लॅशची हुज्जत संपली तरी तू तिथेच होतीस. मग डोळा न काढताच म्हणालीस, "जी, समोरच्या गच्चीवर बाई आहे. केस बांधून राह्यली. तिच्या तोंडात पिन आहे. तिले माहीतच नाही का मी पाहून राह्यली." तुझ्या आवाजात असं काही होतं, की मी पुढचं बोलणं गिळलं. त्या वर्षी घरात फ्रिज यायचा होता. तो आला नाही.

गिळलेलं बोलणं मी परतीच्या बसमध्ये बाहेर काढलं. मी स्टुडिओवाला माणूस. मागे पडदा, दोन बाजूंना दिवे, समोर स्टूल, हनुवटी थोडी खाली, झालं. त्यात या तोफेचं काय काम? "आता काय नवरदेवाचा फोटो गावाबाहेरून काढशील?" मी विचारलं. तू खिडकीतून बाहेर बघत म्हणालीस, "काढीन. वरात निघाली का तिथूनच काढीन." पुढच्या सीटवरचा माणूस हसला. मला राग आला, कारण मलाही हसू येत होतं.

पहिले रोल वाया गेले. ती लेन्स डोळ्याला लावली की हाताचा थोडासा कंपही दिसायचा. आधी ती पूर्ण उघडायची, म्हणजे उजेड आत येतो. मग कॅमेऱ्याच्या काचेत माणसाचा चेहरा मधोमध चिरलेला दिसतो, वरचा भाग एकीकडे आणि खालचा दुसरीकडे. रिंग फिरवत ते दोन तुकडे जुळवायचे. जुळले की डोळा न हलवता बोटांनी दुसरी रिंग फिरवून लेन्स बारीक करायची आणि मग बटण दाबायचं. तोवर माणूस निघून गेलेला असायचा. मी म्हणायचो, "बैलगाडीतून उंदीर धरायला निघाली." तुला राग आला नाही. तू जुन्या पॅन्टच्या कापडाची पिशवी शिवलीस, तिच्यात सरकी भरलीस आणि ती पिशवी भिंतीवर, गाडीच्या चाकावर, सायकलच्या सीटवर, मिळेल तिथे ठेवून तिच्यावर लेन्स टेकवायला लागलीस. सरकीत लेन्स अशी रुतून बसायची की हलायची नाही. गावात कापसाला कुणी विचारत नव्हतं, पण आपल्या घरात सरकीला मान होता.

हे सगळं कशासाठी, ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

त्या वर्षांत आपल्या जिल्ह्याचं नाव पेपरात एकाच कारणासाठी यायचं, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी. मुंबई-दिल्लीच्या गाड्या कळंबच्या रस्त्यावरून धूळ उडवत जायच्या. त्यातले लोक आपल्या दुकानासमोर थांबून सेल घ्यायचे आणि विचारायचे, "इथून जवळचं घर कोणतं?" कसलं घर, ते सांगावं लागायचं नाही. एकाला तू म्हणालीस, "जवळचं घर आमचंच आहे, या, चहा घ्या." बिचारा ओशाळला, पण चहा पिऊन गेला. त्यांच्याकडेही लांब लेन्स होत्या, आपल्यापेक्षा कितीतरी भारी. त्या एकाच जागी रोखल्या जायच्या, बाईच्या ओल्या डोळ्यांवर.

आपल्या दुकानात मात्र वेगळं काम यायचं. माणूस कशानेही गेला तरी, तापाने, म्हातारपणाने, अपघाताने नाहीतर त्या कारणाने, घरचे लोक त्याचा अंगठ्याएवढा फोटो घेऊन यायचे. पासबुकावरचा नाहीतर मतदानाच्या कार्डावरचा. मोठा करून फ्रेम करून द्या म्हणायचे. मी कॉपी करायचो आणि तू बारीक ब्रशने डाग भरायचीस. सगळे चेहरे सारखेच, डोळे ताणलेले, मान आखडलेली, कुणीतरी दटावून बसवल्यासारखी. एकदा ब्रश खाली ठेवून तू म्हणालीस, "हा माणूस असा नव्हता जी. मी याले बाजारात पाह्यलं आहे. हसला का याचे खांदे हलत. आता याचे नातू याले हाच समजतीन." जरा वेळाने पुन्हा बोललीस. "मरायच्या आधी काढले पायजे. हसताना. त्यायले न सांगता."

आणि तू तेच करायला लागलीस. आठवडी बाजारात शाळेच्या ओट्यावर, पोळ्याच्या तोरणाजवळ, बसस्टँडच्या कठड्यावर सरकीची पिशवी ठेवून तू उभी राहायचीस. रात्री आपल्या काळ्या खोलीत फोटो धुवायचीस आणि दुकानाच्या भिंतीवर चिकटवायचीस. ज्याचा त्याने फुकट घेऊन जायचा. गावातल्या सगळ्या भिंती तेव्हा बियाण्यांच्या आणि फवारणीच्या जाहिरातींनी रंगलेल्या होत्या. तुझ्या लेन्समधून माणूस तेवढा लख्ख यायचा आणि मागचं सगळं विरघळून जायचं. तू म्हणायचीस, "पाहा, त्यायच्या जाहिराती माह्या फोटोत येऊच शकत नाही." तेवढ्यासाठी तू लेन्सचा मुका घेतला होतास, मी पाहिलं होतं.

आपलं भांडण मात्र कायम राहिलं. मी म्हणायचो, माणसाला विचारल्याशिवाय त्याचा चेहरा घ्यायचा नाही. आपल्या बाप-आज्यांना गावात कोणी विचारून काही केलं नाही, निदान आपण तरी विचारावं. तू म्हणायचीस, "विचारलं का माणूस कॉलर नीट करते अन् मेल्यासारखा उभा राह्यते." मी म्हणायचो, त्याला मेल्यासारखं उभं राहायचा हक्क आहे. तू म्हणायचीस, "तुमच्या स्टुडिओत राहू द्या तो हक्क." यातलं कुणाचं बरोबर ते ठरलं नाही. जेवताना सुरू झालेलं भांडण ताटं उचलेपर्यंत चालायचं, आणि दुसऱ्या दिवशी भाजी तीच असायची, भांडणही तेच.

मग बसस्टँडवरचे पानठेलेवाले गणपतकाका गेले. वय झालं होतं, झोपेतच गेले. घरच्यांनी भिंतीवर तू काढलेला फोटो लावला, पान लावता लावता मान मागे टाकून हसतानाचा. लोक दर्शनाला आले आणि मृताच्या फोटोपाशी उभं राहून हसले. असं कधी झालं नव्हतं. तू घरी येऊन किती खूश होतीस! थोड्याच दिवसांत भाजीवाली कमळामाय तापाने गेली. तिच्याही घरी तूच काढलेला फोटो. झालं. कुणाच्या तोंडून पहिल्यांदा निघालं कुणास ठाऊक, पण बाजारभर झालं की त्या नळीत जो दिसला तो गेला.

पिकत नाही, विकत नाही, मरण घरोघर फिरतं आहे आणि का ते कुणी सांगत नाही, अशा वेळी माणसाला बोट दाखवायला काहीतरी लागतं. तुझी लेन्स सापडली. तू ओट्यावर चढलीस की बायका पदर ओढायच्या. लेकुरवाळ्या पाठ फिरवायच्या. नवीन पानठेलेवाला हात जोडून म्हणाला, "वहिनी, जरा तिकडं उभ्या राहा ना." आणि हे फक्त दुसरे लोक नव्हते हं. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा पाठ असलेले आपल्याच वस्तीतले लोक, भूत-भानामती मानणार नाही म्हणून विहारात हात वर करणारे, तेही तुला बघून गल्ली बदलायला लागले. एका लग्नाची ऑर्डर द्यायला आलेला माणूस मला म्हणाला, "दादा, तुमी या. वहिनीले नका आणू." मी ऑर्डर परत केली. पण घरी येऊन तुला म्हणालो, काही महिने ठेवून दे ती, लोक विसरतील.

तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी पाणी प्यायला उठलो.

दुसऱ्या दिवशी मला गच्चीवर चढवलंस. हातात लेन्स दिलीस, सरकीची पिशवी कठड्यावर ठेवलीस आणि स्वतः समोरच्या शेताच्या बांधावर जाऊन उभी राहिलीस. तिथून ओरडलीस, "काढा!" मला काही ते दोन तुकडे जुळेनात. तुझं डोकं एकीकडे, धड एकीकडे. तू तिथून, "झालं का?" मी इथून, "थांब!" रोलचा रोल अंधुक. शेवटी तू वैतागून कमरेवर हात ठेवलेस आणि म्हणालीस, "अहो, हातभर लांब नळी अन् समोर बायको, तरी दिसून नाही राह्यली?" आणि स्वतःच इतकी हसलीस की तुझा पुढचा किडका दात दिसला. तेव्हा माझे तुकडे जुळले.

तो फोटो तू मोठा केलास. फ्रेम केलीस. दुकानाच्या दर्शनी काचेत लावलास, त्याला ताज्या झेंडूचा हार घातलास आणि खाली तुझ्या अक्षरात पाटी लावलीस: "सुजाता. जिवंत."

गाव लोटलं बघायला. तुझी आई उमरखेडहून पहिल्या गाडीने आली, दारातच बसली आणि छाती पिटायला लागली, "जित्या पोरीच्या फोटोले हार! काहून असं करतं वं?" तू तिच्यासाठी पाणी आणलंस आणि म्हणालीस, "माय, हार वाळला का बदलते मी. मी वाळली का सांग." आईसुद्धा हसली, मग पुन्हा रडायला लागली, पण जेवून गेली. रोज सकाळी दुकान उघडताना लोक काचेत बघायचे आणि मग आत बघायचे, तू आहेस का. तू असायचीस. हात हलवायचीस.

पोळ्याला तर कहर झाला. तोरणाखाली बैल उभे, पोरं झडत्या म्हणत होती. दरसाल सरपंचापासून सरकारपर्यंत सगळ्यांना टोमणे बसतात, त्या वर्षी तुझी पाळी आली. कुणीतरी मागून आवाज चढवला:

"स्टुडिओवाल्या बाईची हातभर नळी,
त्यातून पाह्यलं तं दिसे सायबाची झोळी,
फोटो काढून मरत नाही कोणाचा रे बाप,
भावानं कापसाच्या भरलं आमचं माप!"

साऱ्या तोरणाखालून "हर हर महादेव" उठला. बैल बिचकले. तू शाळेच्या ओट्यावर लेन्सला डोळा लावून उभी होतीस, आणि मी तुझ्या शेजारी रोल बदलून द्यायला. त्या दिवशी कुणीही पदर ओढला नाही. पूर्ण भीती गेली असं मी म्हणत नाही, काही लोक शेवटपर्यंत गल्ली बदलत राहिले. पण तुझं काम थांबलं नाही, आणि या तालुक्यातल्या कितीतरी भिंतींवर आज दटावलेले चेहरे नाहीत. हे तू केलंस. मी तुला हे कधी म्हणालो नाही. दवाखान्यात म्हणायचं होतं, पण तिथे तू झोपेत असायचीस, नाहीतर मी डॉक्टरच्या मागे. आता म्हणतो. सुजाता, तू फार मोठं काम केलंस आणि मला तुझा अभिमान वाटतो.

तू गेलीस तेव्हा प्रज्ञाने विचारलं, "बाबा, आईचा कोणता फोटो लावायचा?" विचारायची गरजच नव्हती. काचेतला फोटो आतल्या खोलीत आणला. हार तर होताच. आपली पोर पाटी सोडवायला लागली, तिला मी थांबवलं. कार्यक्रमाला भंतेजी आले, त्रिसरण-पंचशील झालं, आणि मग त्यांची नजर पाटीवर गेली. म्हणाले, "उपासक, हे सत्य नाही. सर्व अनित्य आहे." मी म्हणालो, "मान्य आहे, भंतेजी. पण पाटी राहू द्या." त्यांनी पुढची गाथा सुरू केली. बहुतेक त्यांना माझा चेहरा दिसला असावा. लोक येत होते, फोटोकडे बघत होते, पाटी वाचत होते, आणि तुझ्या किडक्या दाताकडे बघून एकेकाला हसू फुटत होतं.

त्याच गर्दीत आनंदसारखंच मनात असलेले किती जण होते ते मला माहीत आहे. मी गप्प बसलो असतो तर लेन्स कपाटात गेली असती, आणि ते सगळे खरे ठरले असते. म्हणून काल मी बाजारात गेलो.

शाळेच्या ओट्यावर चढलो. सरकीची पिशवी ठेवली, लेन्स तिच्यावर टेकवली. आजूबाजूचा गलका कमी झाला. मिरचीवाली तोललेली मिरची हातातच धरून राहिली. मला तुझ्यासारखं चोरून जमायचं नाही, हे मला ठाऊक होतं. मी ओरडलो, "ऐका हो! माही बायको कॅन्सरनं गेली. हे तिचीच नळी आहे, अन् मी फोटो काढणार आहे. ज्याले भेव वाटत असन त्यानं आताच तोंड फिरवावं!"

मला वाटलं, निम्मा बाजार पाठमोरा होईल. कांदे विकणाऱ्या एका म्हातारीने पहिल्यांदा तोंड उघडलं. "नाही फिरवत. काढ." मग कुणीच फिरवलं नाही. पण सुजाता, काय सांगू तुला! सगळ्यांनी कॉलर नीट केल्या, पदर सारखे केले, हात मांड्यांवर ठेवले आणि मेल्यासारखे ताठ उभे राहिले. अख्खा बाजार पासबुकाच्या फोटोत बसल्यासारखा. मला तुझं म्हणणं ऐकू आलं आणि मी मनात म्हणालो, बरं बाई, जिंकलीस.

पण मी बटण दाबलं नाही. डोळा लेन्सला लावून नुसता उभा राहिलो. पाठ दुखायला लागली, चष्म्यावर घाम आला, तो पुसून पुन्हा डोळा लावला. माणसं किती वेळ ताठ राहणार? मिरचीवालीचं एका गिऱ्हाइकाशी मापावरून वाजलं. कुणाची तरी बकरी मेथीत घुसली. मागे कुणीतरी काहीतरी पाचकळ बोललं आणि हशा पिकला. सगळे मला विसरले. मी कांदेवालीकडे नळी वळवली. तिच्या चेहऱ्याचे दोन तुकडे जवळ आले, जुळले, आणि मी दाबलं. मग दाबतच राहिलो. विचारूनही हसता माणूस मिळतो गं, फक्त थांबावं लागतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "एवढा टाइम कोणाजवळ आहे?" मग मी आणखी काहीतरी म्हणालो असतो.

रोल संपला. मी पिशवी उचलली तर कांदेवाली मागून ओरडली, "ओ फोटोवाले! पुढच्या बाजाराले माहा फोटो आणजो. अन् मी काई मरणार नाही आहो इतक्यात, सांगून ठेवते!"

"मरू नको!" मी इतक्या मोठ्याने म्हणालो की सारा बाजार वळून माझ्याकडे बघायला लागला. माझे डोळे भरले होते, ते सगळ्यांनाच दिसले. बघू दे.